फौजेत पोरगी जाते म्हणजे नेमकी कुठे जाते?

पहाटे पाचला आमच्या डांबरी रस्त्यावर पोरी धावतात. हिवाळ्यात तुरीच्या ओळींवर धुकं असतं, आधी फक्त बुटांचा आवाज येतो आणि मग ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या चार-पाच जणी दिसतात. गावात याला एकच शब्द आहे, ‘भरती’. कोणती भरती, कशाची, ते कोणी विचारत नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यातल्या एकीच्या मायनं मला गाठलं. "मॅडम, पोरगी म्हनते फौजेत जाईन. पन बायायले तिथं काम तरी का देतेत? बंदूक देतेत का सैपाक?"

मी हसले, पण एका वाक्यात उत्तर देता येईना. मग बसून सगळं नीट लावलं, ते असं.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे अंगावर वर्दी दिसली की माणूस फौजी. गडचिरोलीत दिसणारे सीआरपीएफचे जवान, सीमेवरचे बीएसएफवाले, कोळसा खाणीत पहारा देणारे सीआयएसएफवाले, सगळे आपल्या लेखी फौजेत. ही दलं खरं तर गृह मंत्रालयाची. त्यांच्यात बायका बऱ्याच आधी आल्या: सीआरपीएफची पहिली महिला बटालियन १९८६ ची आहे, आणि २००७ मध्ये तिथल्या बायकांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी आफ्रिकेतल्या लायबेरियात जाऊन आली. फौज म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. ही तिन्ही संरक्षण मंत्रालयाकडे येतात, आणि वाद झाला तो यांच्यातल्या दारांवरून.

दुसरी गोष्ट म्हणजे फौजेत आत जायला दोन दारं आहेत, जवानाचं आणि अधिकाऱ्याचं. गावातून आजवर जे गेले ते बहुतेक जवान म्हणून गेले. दहावी-बारावी करून, मैदान मारून गेले, आणि पेन्शन घेऊन परत आले. अधिकारी म्हणजे लेफ्टनंटपासून वरचे, ज्यांना फौजी ‘साहेब’ म्हणतो. पुरुषांसाठी दोन्ही दारं पहिल्यापासून उघडी होती. बायकांसाठी आधी वरचं उघडलं. खालचं उघडायला पुढची जवळजवळ तीस वर्षं गेली. टीव्हीवर दिसणाऱ्या बाई अधिकारी आणि आमच्या रस्त्यावर धावणारी पोरगी यांच्यामधलं अंतर इथून सुरू होतं.

वरचं दार उघडण्याच्या गोष्टीत आमच्या पंचक्रोशीचाही एक धागा आहे.

सैन्यात नर्स इंग्रजांच्या काळापासून आहेत. त्यांची पहिली तुकडी १८८८ साली मुंबईच्या बंदरात उतरली. स्वातंत्र्यानंतर १९५८ पासून बाई डॉक्टरांना पुरुष डॉक्टरांसारखं कायमचं कमिशन (अधिकारीपदाची नेमणूक) मिळू लागलं. पण दवाखान्याबाहेर काही नव्हतं. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचं बारावं कलम सांगतं की केंद्र सरकार ज्या शाखांची नावं जाहीर करील तेवढ्या सोडून बाईला सैन्यात प्रवेश नाही. बेचाळीस वर्षं सरकारनं नाव जाहीर केलंच नाही. ३० जानेवारी १९९२ ला अधिसूचना निघाली आणि मोजक्या जागा उघडल्या: सैन्याचं टपाल खातं, कायदा विभाग, शिक्षण विभाग, रसद विभागात अन्नतज्ज्ञ आणि खानपान अधिकारी, आणि शस्त्रसामग्री सांभाळणाऱ्या ऑर्डनन्स कोअरमध्ये केंद्रीय दारूगोळा भांडारं.

केंद्रीय दारूगोळा भांडार म्हणजे आमचा पुलगावचा डेपो. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला डेपो म्हटलं की एसटीचा आधी आठवत नाही, हा आठवतो. आमच्याकडच्या कित्येक घरांतली माणसं तिथं कामाला होती, कोणी मजूर, कोणी कारकून. बायकांसाठी फौजेचं दार पहिल्यांदा किलकिलं झालं तेव्हा त्यात असल्या डेपोंचं नाव होतं, हे मला स्वतःला पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत ठाऊक नव्हतं. डिसेंबर १९९२ मध्ये सिग्नल्स (संदेशवहन), इंजिनियर्स अशा आणखी शाखा जोडल्या गेल्या. १९९३ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून पहिली तुकडी बाहेर पडली.

आता गुंतागुंतीचा भाग. या बायकांना घेतलं ते पाच वर्षांसाठी. पाचाची दहा झाली, दहाची चौदा झाली. चौदा संपली की घरी. याला ‘शॉर्ट सर्व्हिस’ म्हणतात. निवृत्तीच्या वयापर्यंत ठेवतात ते ‘पर्मनंट कमिशन’.

मायला मी हे शेतीवरून सांगितलं. समजा तू दुसऱ्याचं वावर मक्त्यानं केलं. चौदा वर्षं. नांगरलंस, बांध घातलेस, विहिरीचा गाळ काढलास. पीक चांगलं आलं, मालकानंही वाखाणलं. पण सातबाऱ्यावर तुझं नाव कधी चढलं नाही. पंधराव्या वर्षी मालक म्हणाला, बाई, आता सोड. शॉर्ट सर्व्हिस हा मक्ता आहे आणि पर्मनंट कमिशन म्हणजे सातबाऱ्यावर नाव. (सातबारा काढल्यावर तिच्या स्वतःच्या घरच्या वावराचं उदाहरण निघालं. तिथंही तिचं नाव नाही. तो वेगळा लेख होईल.)

यातली खरी मेख पेन्शनची आहे. अधिकाऱ्याला पेन्शन लागायला वीस वर्षं नोकरी लागते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घुसलेली बाई सदतिसाव्या वर्षी बाहेर पडायची. पोरं शाळेत, हातात पेन्शन नाही, आणि बाहेरच्या नोकरीत नव्यानं सुरुवात. तिच्यासोबत शॉर्ट सर्व्हिसमध्ये आलेल्या पुरुषाला कायम होण्यासाठी अर्ज करता येत होता, तिला येत नव्हता. २००८ मध्ये फक्त कायदा आणि शिक्षण या दोन विभागांत ती सोय झाली.

२००३ मध्ये बबिता पुनिया नावाच्या वकील बाईंनी दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली. पुढे बाई अधिकारीही कोर्टात गेल्या. मार्च २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि शेवटचा शब्द आला १७ फेब्रुवारी २०२० ला. सतरा वर्षं. दाव्याची तारीख म्हणजे काय ते आपल्याकडे बांधाच्या भांडणातून सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे या आकड्याचं फारसं नवल वाटत नाही, पण त्या सतरा वर्षांत कितीतरी जणींचा मक्ता संपून गेला.

त्या खटल्यात सरकारनं मांडलेला एक मुद्दा वाचून मी बराच वेळ गप्प बसले. सरकारच्या लेखी टिपणाचा आशय असा होता की सैन्यातले जवान पुरुष आहेत आणि ते बहुतांश खेड्यांतून येतात, तिथल्या समाजाच्या चालीरीती पाहता बाईच्या हाताखाली काम करायला त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. म्हणून बायकांना तुकडीचं प्रमुखपद नको, टेबलावरची कामं द्या.

म्हणजे आमची पोरं. दिल्लीतल्या बायकांना अडवायला वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या, राजस्थानातल्या खेड्यांचं नाव पुढे केलं गेलं.

यात काहीच तथ्य नाही असं म्हणणं सोपं आहे, पण मी खेड्यात राहते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, आणि सरपंचपती नावाचा प्राणीही आहे. ग्रामसभेत खुर्चीवर ती आणि बोलणारा तो, हे मी पाहिलेलं आहे. तरी त्याच गावातली माणसं तहसीलदार बाईसमोर हात जोडून उभी राहतात, ठाणेदार बाईसमोर आवाज खाली आणतात, बँकेतल्या मॅनेजर बाईला ‘साहेब’ म्हणतात. बाईचा हुकूम चालत नाही असं नाही. ज्या हुकमामागे पद पक्कं असतं तो चालतो, आणि जिथं पद नावापुरतं असतं तिथं नवरा बोलतो. फौजेत तर खांद्यावरचे तारे मोजून सलाम ठोकतात. सरपंचपती असू शकतो, कर्नलपती कसा असेल?

कोर्टानं हे आपल्या भाषेत सांगितलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांच्या खंडपीठानं म्हटलं की हे सगळे बाईबद्दलचे साचेबंद समज आहेत आणि समानतेच्या हक्काला ते धरून नाहीत. लढणाऱ्या शाखा वगळता ज्या दहा शाखांत बायका होत्या तिथं त्यांना कायम करा, चौदा वर्षं उलटून गेलेल्यांचाही विचार करा, आणि प्रमुखपदावर सरसकट बंदी घालू नका. तेव्हा सैन्यात बाई अधिकारी होत्या साधारण साडेसोळाशे, एकूण अधिकाऱ्यांच्या चार टक्क्यांच्या आसपास. निकालात काही बाई अधिकाऱ्यांची कामगिरी नोंदवली आहे, त्यात सिग्नल्सच्या सोफिया कुरेशी आहेत. २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या अठरा देशांच्या सरावात भारताच्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला त्या विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्यासोबत टीव्हीवर आल्या, तेव्हा चहाच्या टपरीवर सगळ्यांनी त्यांना पाहिलं. निकालात त्यांचं नाव पाच वर्षांपूर्वीच होतं.

निकाल लागला म्हणजे काम झालं, असं कोर्टाची पायरी चढलेला माणूस कधी म्हणत नाही. कायम करायच्या बायका निवडताना सैन्यानं त्यांची वैद्यकीय तपासणी लावली. पुरुषांची ही तपासणी नोकरीच्या पाच ते दहा वर्षांत होते, म्हणजे तिशीच्या आसपास. बायकांना ती आता, चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्याच मापानं लावली. शिवाय जुने गोपनीय अहवाल काढले. ते लिहिले गेले तेव्हा बायका कायम होणारच नव्हत्या, मग वरिष्ठांनी ते मन लावून कशाला लिहावेत? परीक्षा नाही म्हणून ज्या पोरांच्या वह्या वर्षभर तपासल्या नाहीत, त्याच वह्यांवरून वर्षअखेर निकाल लावण्यातला हा प्रकार. २५ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ही पद्धत भेदभावाची ठरवली. नियम दिसायला सगळ्यांना सारखा असतो, पण त्याचा मार एकाच बाजूवर बसतो, ते कोर्टानं तिथं फार बारकाईनं उलगडलं. माझ्या मते २०२० च्या निकालापेक्षा हा निकाल जास्त शिकवतो.

जानेवारी २०२३ मध्ये बाई अधिकाऱ्यांसाठी खास निवड मंडळ बसलं आणि कर्नलच्या १०८ जागा भरायला घेतल्या गेल्या. कर्नल म्हणजे तुकडीचा प्रमुख होऊ शकणारी बाई.

मायचा प्रश्न बंदुकीचा होता. बंदूक तर सगळ्यांनाच चालवायला शिकवतात. पण शत्रूसमोर पहिल्या रांगेत उभं राहून लढणाऱ्या शाखा म्हणजे पायदळ, रणगाडे आणि यांत्रिक पायदळ. या अजून बायकांसाठी बंद आहेत. कामठीचं गार्ड्स रेजिमेंटल सेंटर नागपूरकडच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. कामठीतली मुलगी रोज त्याच्या भिंतीजवळून कॉलेजला जाऊ शकते, आतल्या मैदानावर जवान म्हणून नाही.

बाकीच्या भिंती मात्र झपाट्यानं पडल्या. वायुदलात १९९४ पासून बायका हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानं उडवत होत्या, लढाऊ विमान नाही. १८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये इंजिनियर्सच्या कॅप्टन शिवा चौहान सियाचीनच्या कुमार पोस्टवर, साडेपंधरा हजार फुटांवर, तैनात झाल्या. त्याच एप्रिलमध्ये पाच जणी तोफखान्यात गेल्या. त्याच वर्षी मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेची धुरा आली. जहाजाची कमान बाईच्या हाती जायची नौदलातली ही पहिली वेळ.

बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएची कथाही कोर्टातूनच आली. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये १९ मुली दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ ला १७ जणी बाहेर पडल्या. यात आपल्यासाठी दोन अडचणी आहेत. जागा थोड्या: एका तुकडीत भूदलाच्या २०८ जागांपैकी मुलींसाठी १०. दुसरी भाषेची. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून गणित शिकलेल्या, डोक्यानं कमी नसलेल्या पोरी इथं अडखळतात. नाशिकला राज्य सरकारनं मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व संस्था काढली आहे, चंद्रपूरच्या सैनिक शाळेतही आता मुली आहेत. पण ते सहावी किंवा दहावीच्या टप्प्यावर कळायला लागतं, बारावीच्या निकालानंतर नाही. पदवीपर्यंत पोहोचलेलीला अधिकारी होण्यासाठी सीडीएसची परीक्षा आहे, आणि एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीचा मार्ग आहे. आमच्याकडे कॉलेजात एनसीसी मुली घेतात ती बहुतेक पंधरा ऑगस्टच्या परेडसाठी. तिचा हा उपयोग कोणी सांगत नाही.

आता खालचं दार. २०१९ मध्ये पहिल्यांदा मुलींना जवान म्हणून घ्यायला सुरुवात झाली, तीही एकाच शाखेत, सैन्याच्या पोलिसांत. मिलिटरी पोलीस म्हणजे छावणीतली शिस्त, वाहतूक, सैन्यातल्या गुन्ह्यांचा तपास. झडतीच्या वेळी घरातल्या बायकांची तपासणी पुरुष जवानानं करू नये, म्हणूनही त्या लागतात. ८ मे २०२१ ला बंगळुरूहून ८३ जणींची पहिली तुकडी ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. भूदलात अधिकारी नसलेली वर्दीतली बाई तोवर नव्हतीच.

वर्षभरानं, जून २०२२ मध्ये, अग्निपथ योजना आली आणि हे दारही त्यात गेलं. म्हणजे चार वर्षांची नोकरी, आणि त्यात भरती होणारा तो ‘अग्निवीर’. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार कापून ठेवतात, हातात २१. चौथ्या वर्षी ४० हजार. बाहेर पडताना कापलेले पैसे, तेवढीच सरकारची भर आणि व्याज मिळून ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. पेन्शन नाही. चौघींतली एक पुढे कायम होऊ शकते. मक्त्याची गोष्ट आठवली ना? अधिकारी बायकांनी कोर्टात सतरा वर्षं भांडून मक्ता मोडला, आणि जवानांच्या दारावर तो बाई-पुरुष सगळ्यांसाठी नव्यानं लागला. यावर माझं मत काय ते मी मायला सांगितलं नाही. तिच्यापुढे आकडे ठेवले.

एवढं ऐकून ती एकच म्हणाली, "चार वर्सं लगन नाही करता येत म्हनते." बरोबर ऐकलं होतं तिनं. अर्ज करताना मुलगी अविवाहित लागते आणि ती चार वर्षंही तशीच राहावी लागते. साडेसतरा ते एकवीस-बावीस हे वय, त्यावर चार वर्षं. आमच्याकडे याच वयात पाहुणे येऊन पोहे खाऊन जातात. लग्न आणि वर्दी यांचं भांडण जुनं आहे. १९८८ मध्ये सैन्यातल्या एका नर्सला लग्न केलं म्हणून काढून टाकलं होतं. तेव्हाचा नियमच तसा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं तिला ६० लाख रुपये द्यायला लावले, नोकरी गेल्यावर छत्तीस वर्षांनी. बाळंतपणाच्या आणि मुलांच्या संगोपनाच्या रजा अधिकारी बायकांना होत्या, त्या तिन्ही दलांतल्या खालच्या पदावरच्या बायकांना तशाच द्यायला नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

पण आमच्या भागात पोरी खरं अडतात ते उंचीवर. मिलिटरी पोलीससाठी १६२ सेंटिमीटर उंची मागतात. भारतातल्या बाईची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे, म्हणजे सरासरीहून चांगली दहा सेंटिमीटर उंच पोरगी पाहिजे. धावायला १.६ किलोमीटर, साडेसात मिनिटांत आली तर पहिला गट, आठपर्यंत दुसरा. दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. धाव सरावानं येते, उडीही येते. उंचीला सराव नाही, तरी रस्त्याकडेच्या लिंबाच्या फांदीला लोंबकळणाऱ्या पोरी मी रोज पाहते. वायुदलाच्या अग्निवीरला १५२ चालते, पण तिथं बारावीचे गुण आणि इंग्रजी पाहतात. आपल्या पोलीस भरतीत १५५ लागते, धाव ८०० मीटर, आणि तीस टक्के जागा मुलींच्या. गावातल्या बहुतेक पोरी पोलीस भरतीच धरतात, त्यात आळस नाही, हिशोब आहे. भूदलाच्या अग्निवीरची परीक्षा आता मराठीतही देता येते, एवढी एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची झाली. नियम दर भरतीला थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचायची, अकादमीच्या फ्लेक्सवरची नाही. ‘आतून ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं.

हे सगळं झाल्यावर मी शाळेच्या कपाटातून शिंप्याचा टेप काढला. पोरगी बारावीला आहे. भिंतीला टाच लावून उभी राहिली, मायनं डोक्यावर पट्टी आडवी धरली, मी वाचलं. एकशे एकसष्ट. पुन्हा मोजलं. एकशे एकसष्टच.

माय म्हणाली, "मंग पोलिसचाच फॉर्म भर."

पोरगी चप्पल घालता घालता म्हणाली, "मॅडम, उद्या सकाळी मोजू. सकाळी उंची जास्त भरते."